होडीचं इंजिन वळतं, मग विमानाचं का नाही?

प्रश्न : 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत रबरी बोटी आल्या होत्या. मागं मोटर लावलेली आणि बोट चालवणारा जवान दांडा धरून ती अख्खी मोटरच फिरवायचा, की बोट झटक्यात वळायची. वेगळं सुकाणू काही नाहीच. मग विमानाच्या पंखाखालची इंजिनं अशीच फिरती का करत नाहीत? शेपटीवरचं सुकाणू, पंखाच्या त्या हलणाऱ्या फळ्या, सगळंच वाचेल की.
(एक वाचक, गावभाग, सांगली)

उत्तर : प्रश्न वाचला आणि आधी तो पूरच आठवला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी 45, आणि मी माडीवर अडकून त्याच बोटी बघत बसलेलो, दुसरं करणार काय. पण तुम्ही बोट वळताना बघितली, मी ती न वळताना पण बघितली. आमच्या बोळात पाण्याखाली कुणाची तरी मोटरसायकल आडवी पडलेली, पुढं एक कट्टा, त्याला पंखा लागून तुटू नये म्हणून त्या जवानानं बोळाच्या तोंडाशी मोटर बंद केली आणि वर उचलून घेतली. झालं, तिथनं पुढं ती बोट म्हणजे नुसता तराफा, पाण्याची ओढ नेईल तिकडं. दोन पोरं वल्ह्यानं घरांच्या भिंती रेटत रेटत तिला सरळ ठेवत होती. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता सांगा, ती मोटर बोटीला लावतात कुठं? अगदी मागच्या टोकाला. मागचं टोक एका बाजूला ढकललं की तोंड दुसरीकडं फिरतं. हीच मोटर बोटीच्या बरोब्बर मधोमध बसवून फिरवली तर तोंड वळणारच नाही, अख्खी बोट खेकड्यासारखी आडवी सरकेल. दार ढकलताना बिजागरीपाशी जोर लावून बघा आणि मग कडीपाशी लावून बघा, तसलंच आहे हे.

प्रवासी विमानाची पंखाखालची इंजिनं जवळजवळ त्या बिजागरीपाशीच असतात, म्हणजे विमानाचा तोल जिथं साधलेला असतो त्याच्या आसपास. ती उजवी-डावी फिरवली तर विमान आडवं ढकललं जाईल, नाक फारसं हलणार नाही. शेपटीचं सुकाणू मात्र लांब असतं. एअरबस ए320 साडेसदतीस मीटर लांब आहे, म्हणजे मधनं शेपटीपर्यंत पंधराएक मीटर कुठं गेले नाहीत, एवढी लांब पहार हातात असली की थोड्या जोरात दगड हलतो हे शेतकऱ्याला सांगायला नको.

जरा आकडे मांडू. ह्या वर्गातल्या विमानाच्या एका इंजिनाचा पूर्ण जोर साधारण 12 टन. ते 10 अंशांनी वाकडं केलं तर आडवा जोर दोन टनांच्या थोडा वर निघतो, आणि पुढं ढकलायच्या जोरातला दीड टक्काच कमी होतो, तेव्हा जोर वाया जातो वगैरे आक्षेप मी घेणार नाही. पण हा हिशोब टेकऑफचा झाला. वरून खाली येताना पायलटनं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचे दांडे, मागं घेतलेले असतात, इंजिनं नुसती घुमत असतात, आणि अगदी शेवटी चाकं टेकवताना परत तेच. तेव्हा अर्धा टन जोर धरला तर 10 अंशांत आडवे नव्वद किलो सुद्धा हाती लागत नाहीत. म्हणजे आपल्याकडच्या तालमीतला एखादा गडी साठ टनाच्या विमानाला खांदा लावून रेटतोय एवढाच प्रकार.

आणि नेमका तेव्हाच कंट्रोल सगळ्यात बारीक पाहिजे असतो. आता बोळातली मोटर उचललेली बोट आठवा.

बरं, जोर पाहिजे म्हणून इंजिन वाढवावं तर ते पण दांडा दाबला आणि झालं असं नसतं. जेट इंजिनाला वेग धरायला वेळ लागतो. नियमानंच घालून दिलंय की हवेतल्या आयडलवरून, म्हणजे नुसतं घुमण्यावरून, जवळजवळ पूर्ण ताकदीवर यायला 5 सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. पाच सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण उतरतानाच्या वेगात तेवढ्यात विमान साडेतीनशे मीटर पुढं गेलेलं असतं.

सुकाणूला इंजिनाची पर्वा नसते, त्याला फक्त वारा लागतो आणि विमान पुढं जातंय तोवर वारा असतोच. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये ए320 ची दोन्ही इंजिनं पक्षी शिरून गेली, तरी पायलटनं ते वळवून हडसन नदीत नीट टेकवलं आणि आतले 155 च्या 155 वाचले. वळायची सोय इंजिनाच्या गळ्यात बांधली असती तर इंजिनाबरोबर ती पण गेली असती.

अजून एक, बहुतेकांना वाटतं विमान शेपटीच्या सुकाणूनं वळतं. तसं नाही. विमान कलून वळतं, सायकलवाला वळणावर कलतो तसं. पंखाच्या टोकाकडच्या ज्या फळ्या तुम्ही काढून टाकायला निघालाय, एलेरॉन म्हणतात त्यांना, त्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली होतात, विमान कलतं आणि पंखांवरची उचलच त्याला वळणाकडं ओढून नेते. पंखाची उचल म्हणजे अख्ख्या विमानाचं वजन पेलणारा जोर, साठ-सत्तर टनांचा. एवढा फुकटचा जोर हाताशी असताना इंजिनाचे दोन टन कोण वापरत बसेल? सुकाणूचं मेन काम नाक रेषेत ठेवायचं, आडव्या वाऱ्यात आणि एक इंजिन बंद पडलं तर विमान सरळ धरायचं.

हे झालं हवेचं. आता हँगरमधलं सांगतो, कारण माझी सव्वीस वर्षं मुंबईला विमानांची इंजिनं उतरवण्या-चढवण्यात गेली आणि तुमचा प्रश्न वाचून माझे हात आधी तिकडंच गेले. इंजिन पंखाला थेट चिकटलेलं नसतं, मध्ये पायलॉन नावाचा एक आडणा असतो आणि त्याला ते मोजक्या बोल्टांवर लटकतं. नवं इंजिन हॉइस्टवर वर घेताना शेवटचं बोटभर अंतर राहिलं की सगळे गप्प होतात. एक जण टॉर्च मारून भोकावर भोक आलंय का बघतो, दोघं साखळ्या अर्धी-अर्धी कडी खेचतात. बोल्ट ठोकायचा नसतो. तो हातानं आत सरकला पाहिजे, अडला तर परत खाली घ्यायचं, मग पहाटेचे चार का वाजेनात. आमचे फोरमन म्हणायचे, हातोडा आणलास तर घरी जा. एवढ्या नखऱ्यानं बसवलेलं इंजिन आता बिजागरीवर बसवायचं म्हणताय!

हे नखरे का, तर 25 मे 1979 ला शिकागोला टेकऑफच्या वेळी डीसी-10 ह्या तीन इंजिनांच्या प्रवासी विमानाचं डाव्या पंखाचं इंजिन पायलॉनसकट निघून पडलं. मेंटेनन्सला वेळ वाचावा म्हणून इंजिन आणि पायलॉन एकत्रच फोर्कलिफ्टवर काढलं-घातलं होतं, त्यात मागच्या जोडाला चीर गेलेली. जाता जाता त्यानं पंखातल्या हायड्रॉलिक लाइनी, म्हणजे तेलाच्या दाबानं सुकाणू-फळ्या हलवणाऱ्या नळ्या, तोडल्या, टेकऑफला जादा उचल मिळावी म्हणून बाहेर काढलेली त्या बाजूच्या पंखाची पुढची पट्टी आत गेली, त्या पंखाची उचल गेली आणि विमान कलून कोसळलं. 273 माणसं गेली, त्यातली दोन जमिनीवरची. जोड पक्का असून ही गत, फिरता केला तर काय.

त्यात हे धूड नुसतं वजनाला अडीच टन नाही, आत भोवरा फिरतोय. पुढचा पंखा मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या घरात आणि आतला भाग चौदा हजाराच्या वर. सायकलचं सुटं चाक आसाला दोन्ही हातांनी धरा, कुणाला तरी ते गरागरा फिरवायला सांगा आणि मग आस डावीकडं वळवून बघा, ते तुमचं ऐकत नाही, वर नाहीतर खाली मुरडतं. पंखाला प्रत्येक वळणावर हा पीळ सोसावा लागेल. शिवाय इंधनाची लाइन, गरम हवेचा जाड नळ, हायड्रॉलिक, वायरींचे जुडगे, आग विझवायची लाइन, हे सगळं त्या बिजागरीतनं वाकत-वळत न्यायचं. आणि एखाद्या दिवशी एक इंजिन वाकडं झालं आणि तिथंच अडकलं तर?

आता तुम्हाला नाउमेद करत नाही, कारण ही कल्पना अडाणी अजिबात नाही, जर्मनांनी ती करून दाखवलीय. व्हीजे 101सी नावाचं जेट, 1963 ला उडालं, दोन्ही पंखांच्या टोकाला दोन-दोन इंजिनांचं खोकं आणि ते खोकं अख्खं फिरायचं. इंजिनं उभी केली की विमान जागच्या जागी वर, आडवी केली की पुढं, आणि ते आवाजाच्या वेगापलीकडं पण गेलं. जागेवर तरंगताना एका टोकाचं खोकं पुढं आणि दुसऱ्याचं मागं कलवून नाक फिरवायचे, म्हणजे तुमचीच आयडिया. बघा, तिथं इंजिनं पंखाच्या टोकाला होती, पहार लांब होती. अशी दोनच बनवलेली, त्यातलं एक 1964 ला कोसळलं आणि पुढं त्याचं लढाऊ विमान काही झालं नाही. अमेरिकेचं व्ही-22 ऑस्प्रे अजून तसं फिरतं, पण ते जेट नाही, टोकाला मोठाले पंखे आहेत.

मला सगळ्यात जास्त पटतं ते हॅरियर हे लढाऊ विमान. आपल्या नौदलाकडं होती, विराट ह्या विमानवाहू जहाजावरून उडायची, गोव्याहून 2016 ला निवृत्त झाली. पोटात एकच इंजिन आणि त्याचा झोत बाहेर टाकणारी चार फिरती तोंडं. ती खाली केली की विमान हवेत उभं. पण उभं असताना ते वळायचं कशानं? त्या चार तोंडांनी नाही! ती तोलाच्या जागेभोवतीच आहेत, वर धरायला बेस्ट, वळवायला निरुपयोगी. म्हणून इंजिनातली दाबाची हवा बारीक नळ्यांनी नाकाला, शेपटीला आणि पंखांच्या टोकांना नेलेली असते आणि तिथनं फुसफुस सोडतात. झोत फिरवता येत असून सुद्धा वळण्यासाठी लांबच्या टोकालाच जावं लागलं, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं.

प्रश्न : सर, मी साताऱ्याला अकरावीत आहे, एअर फोर्सची तयारी करतोय. सुखोई हवेत उभं राहून कोलांटी मारतं ते इंजिन फिरवूनच ना?
(एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : इंजिन नाही, फक्त शेवटचं तोंड. सुखोई-30 एमकेआय 2002 ला आपल्या लोहगावलाच दाखल झालं, त्याचं एएल-31एफपी इंजिन ओडिशात कोरापुटला एचएएल बनवतं आणि विमान नाशिकजवळ ओझरला जुळतं. इंजिन जागच्या जागी पक्कं, मागचं झोताचं तोंड, म्हणजे नॉझल, तेवढं 15 अंशांपर्यंत इकडं-तिकडं होतं. गंमत अशी की दोन्ही नॉझल सरळ वर-खाली हलत नाहीत, तिरकी हलतात, त्यामुळं दोन्ही एकदम हलवली की नाक वर-खाली होतं आणि उलटसुलट हलवली की कलता आणि फिरता पण येतं. आणि ती आहेत कुठं, तर पार शेपटीला. बघ, परत तेच.

ह्याचा उपयोग पण समजून घे. वेग कमी आणि नाक एकदम वर, अशा वेळी पंखावरून हवा नीट वाहत नाही, सुकाणू-फळ्या हलवल्या तरी वाऱ्याशिवाय त्या काय करणार. तेव्हा इंजिनाचा झोत कामाला येतो. प्रवासी विमानानं त्या अवस्थेत कधी जायचंच नसतं. रॉकेटचं पण असंच, वर हवाच नाही तर सुकाणू कुठलं, म्हणून पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात अख्खं विकास इंजिन थोडं हलवतात. पहिल्या टप्प्यात तर नॉझल पक्कं असतं आणि त्याच्या आत एका बाजूनं द्रव फवारून झोतच वाकवतात, डोकं ज्यानं कुणी लावलं त्याला सलाम.

प्रश्न : समजा हवेत सगळे कंट्रोल गेले, फक्त इंजिनं चालू आहेत. मग काही करता येतं का, का देवाचं नाव घ्यायचं?
(एक वाचक, कराड)

उत्तर : दोन्ही करायचं. तुमच्याकडं ट्रॅक्टर असेलच, उसात सरीच्या शेवटाला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबता की नाही, तसं इंजिनांनी करता येतं. उजवं वाढवलं, डावं कमी केलं की विमान डावीकडं वळतं. फिरवायचं काही नाही, नुसतं कमी-जास्त.

19 जुलै 1989 ला अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या 232 नंबरच्या उड्डाणातल्या डीसी-10 वर ही वेळ आली. शेपटीतल्या इंजिनाचा फॅन, म्हणजे पुढचा पंखा, धरणारा जड चकता फुटला आणि तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम कापल्या. कॅप्टन अल हेन्स. प्रवाशांत डेनी फिच नावाचा डीसी-10 शिकवणारा पायलट निघाला, तो कॉकपिटमध्ये येऊन दोन सीटच्या मध्ये गुडघ्यावर बसला आणि दोन हातांत दोन थ्रॉटल घेऊन विमान सांभाळत राहिला. नाक वर जायचं, खाली यायचं, परत वर, आणि वळायचं ते बहुतेक उजवीकडंच. 44 मिनिटं असं करत सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं, टेकताना पंख लागला, विमान उलटलं, तुटलं, पेटलं. 296 पैकी 184 वाचले. ते फुटेज मी ट्रेनिंगला बघितलंय, त्यातनं एक माणूस जरी जिवंत निघाला असता तरी नवल वाटलं असतं.

त्यानंतर नासानं कॉम्प्युटरला हे काम शिकवलं आणि ऑगस्ट 1995 ला एमडी-11 हे प्रवासी विमान नुसत्या इंजिनांच्या जोरावर नीट उतरवून दाखवलं, चालवायला गॉर्डन फुलर्टन, जो आधी अंतराळात जाऊन आलेला. 2003 च्या नोव्हेंबरमध्ये बगदादला डीएचएल ह्या कुरिअर कंपनीच्या मालवाहू एअरबस ए300 ला क्षेपणास्त्र लागलं, सगळं हायड्रॉलिक गेलं, डावा पंख जळतोय, तरी तिघा जणांनी थ्रॉटलवरच ते परत धावपट्टीवर आणलं आणि तिघं वाचले.

आता गावभागातले वाचक म्हणतील, बघा, तेव्हा इंजिनं फिरती असती तर? पण अडीच टनाचं इंजिन फिरवायला लागलं असतं हायड्रॉलिक, आणि नेमकं तेच गेलेलं.

प्रश्न : विमान टेकल्यावर एकदम जो घरघराट होतो तेव्हा इंजिन उलटं फिरतं म्हणतात, खरं का?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही ओ. उलटं फिरत नाही, फिरायची दिशा तीच. बाहेरचं आवरण मागं सरकतं किंवा त्याची दारं उघडतात आणि फॅनची हवा अडवून तिरकी पुढं सोडली जाते, आतला गरम झोत मागंच जातो. म्हणजे पंखाखालच्या इंजिनाचा जोर वळवायचा प्रकार प्रवासी विमानात आहेच, फक्त थांबण्यापुरता. थांबवायचं खरं काम चाकांचे ब्रेक करतात. पुढच्या वेळी कोल्हापूरहून किंवा पुण्याहून जाल तेव्हा पंखामागची खिडकी घ्या, ते उघडलेलं दिसतं.

प्रश्न : काका, मी वाईला आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनात यातलं काही दाखवता येईल का?
(एक विद्यार्थिनी, वाई)

उत्तर : येईल की, आणि शंभर-दीडशेत होईल. थर्माकोलचा होडीएवढा तुकडा काप, साधारण फूटभर लांब. खेळण्यातली छोटी मोटर आणि तिचा प्लॅस्टिकचा पंखा घे, पंखा पाण्यात नको, हवेतच फिरू दे. ती मोटर एका उभ्या काडीवर अशी बसव की हातानं कुठल्याही दिशेला फिरवता येईल. आधी काडी बरोब्बर मधोमध खोच, मोटर आडवी कर आणि मोठ्या टपात सोड, होडी आडवी सरकेल. मग तीच काडी मागच्या टोकाला खोच आणि परत सोड, गर्रकन फिरेल. सेल मात्र दोन्ही वेळा मधेच ठेव, ते पण मागं नेलेस तर तोलाची जागाच सरकते आणि परीक्षक तिथंच धरतील. तिसऱ्या वेळी मोटर मागंच पण सरळ ठेव, मागं पाण्यात पुठ्ठ्याचं सुकाणू लाव, होडीला वेग आला की मोटर बंद कर, तरी ती वळते ते दाखव. पुठ्ठ्याला आधी मेण चोळ नाहीतर दुपारपर्यंत त्याचा लगदा होईल, आणि दोन-चार जादा सेल जवळ ठेव, कारण पोरं परत परत चालवून बघणारच.